पडणाऱ्या नटाची रिळं

मी, जमालुद्दीन इब्राहिम सोलकर, मूळ राहणार हर्णै, तालुका दापोली, सध्या मुक्काम अल सुलै, रियाध, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण एकच आहे, सौदीकरणाचं, म्हणजे परदेशी काढून सौदी नेमण्याचं; ते सरकारी असल्यामुळे धरत नाही.

१. हर्णैचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी इस्मत, मुलगी उमामा व इतर वारसांना शरियतप्रमाणे जाईल. तिथे माझी अक्कल चालत नाही, आणि इस्मतच्या मते इतरत्रही नाही.

२. उरतो प्रोजेक्टर आणि मूकपटांची रिळं. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरने ती मला दिली. सगळ्यांत हीरो एकच, त्या इंजिनिअरचे आजोबा वॉल्टर फिंच. हा गडी सर्कशीतून सिनेमात आला. घोड्यावरून, छपरावरून, चालत्या आगगाडीवरून पडायचा आणि कपडे झटकून उठायचा. एवढ्यावर लोक त्याच्यावर फिदा होते. मग बोलपट आले आणि फिंचचा आवाज किनरा निघाला. स्टुडिओने नवा हीरो आणला. त्याला पडायला शिकवायचं काम फिंचलाच दिलं आणि शिकवून होताच घरी पाठवलं.

इथे सरकारी बंदीमुळे थिएटरं बंद होती तेव्हा गुरुवारी संध्याकाळी मी गोदामाच्या भिंतीवर हे सिनेमे लावत असे. आवाजच नसल्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नव्हती, आणि मलबारी, पठाण, बंगाली, सगळ्यांना सारखंच कळायचं.

३. हे सर्व मी मुआजला देतो. माझ्या स्टोअरकीपरच्या जागेवर नेमलेला हा सौदी तरुण. त्याला तयार करून मी जायचं, असं ठरलं होतं. तो मला 'अम्मी' म्हणतो. अरबीत त्याचा अर्थ काका, पण गोदामातले हिंदुस्थानी अजून हसतात.

पहिल्याच महिन्यात त्याला सगळं येऊ लागलं. एका गुरुवारी त्याने फिंचचं पुढे काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर मॅनेजरने विचारलं की त्याचं एकच उत्तर: "मला अजून जमत नाही. अम्मीला राहू द्या." हुशार पोरगा ढ ठरून बोलणी खात राहिला, माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढत गेला आणि उमामाची बारावी इथेच पार पडली.

मी त्याला रागावलो. "अरे, तुझं नाव खराब होतंय."

"नाव माझंच आहे ना, अम्मी?" तो म्हणाला.

आता माझं पदच परदेशी माणसांना बंद झालं. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतण्याचा शिक्का, लागल्या दिवसापासून मुआज गोदाम एकहाती सांभाळतो. मी शेवटच्या आठवड्यात फारच छान शिकवलं, असं मॅनेजरला वाटतं.

४. मेहुणा जलाल. या रिळांना हराम म्हणून त्याने माझ्या घरचं पाणी सोडलं होतं. थिएटरं उघडल्यापासून दर आठवड्याला पॉपकॉर्न घेऊन पुढच्या रांगेत असतो. त्याला काहीही देत नाही. मुआजने त्याला फिंचचा एक खेळ फुकट दाखवावा, आणि मध्ये बोलू देऊ नये.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
जमालुद्दीन इब्राहिम सोलकर
रियाध, १४ मार्च २०१९

आमच्यासमोर सही झाली:
हरिहर वर्तक, इंजिनिअर, मूळचे नाशिक
जलाल मुकादम, मेहुणा (कलम चार सोडून साक्ष. खेळ कधी आहे ते कळवावे.)