दुसरा चालक

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना कायमचं तुझ्याकडे आणायचं ठरलं खरं, पण सामान बांधता बांधता माझा पार भुगा झालाय. त्यांच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपणार नाहीत, म्हणून गाडी भाड्याने घेतोय. काल चौकशीला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने विम्याचे इतके प्रकार ऐकवले की डोकं गरगरलं. गाडीच्या नुकसानीचा वेगळा, काच-टायरचा वेगळा, प्रवाशांचा वेगळा, सामानाचासुद्धा वेगळा! तू विमा कचेरीत जन्म काढलास, तूच सांग काय घेऊ.

शिवाय दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं का, असंही तिने विचारलंय. बाबा लगेच म्हणाले, माझं घाल, घाटात तुला जमायचं नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस! डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. परवाना अजून चालू आहे, हीच पंचाईत. मी नुसतं हूं केलं.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी वेळेवर जेवत जा, तुझं अक्षरसुद्धा वाळलंय.

गाडीच्या नुकसानीचा विमा पूर्ण घे, नाहीतर साध्या ओरखड्याचा भुर्दंडही तुझ्याच डोक्यावर. काच-टायर त्यात धरत नाहीत, आणि आमच्याकडचा रस्ता खडीचा, म्हणून तोही घे. प्रवाशांचा घेण्याआधी तुमच्या जुन्या पॉलिसीत काय आहे ते बघ. सामानाचा नको. बाबांची ट्रंक चोराने उचलली तर त्याचीच कंबर धरेल.

दुसऱ्या चालकाचं मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. नाव नसताना बाबा चालवायला बसले आणि काही झालं, तर सगळे विमे पाण्यात. नाव घालायचं, तर नजर ठीक असल्याची सही द्यावी लागेल. कडेचं त्यांना दिसत नाही रे. एखादं पोर आडवं आलं तर कुठला विमा ते भरून देणार? त्यांना नीट सांग. मी फोनवर दोनदा प्रयत्न केला आणि हवापाण्यावर बोलून फोन ठेवला. तुझ्यावर ढकलतेय, कळतं मला. मीही थकलेय.

सांभाळून या. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी पोचलो. गाडी परत केली, ओरखडाही नाही. तुझ्याकडे बाबांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

त्यांना सांगायचं मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. शेवटी काउंटरवर मुलीने विचारलंच, दुसरा चालक कोण? बाबांनी परवाना काढून पुढे ठेवला. नजर ठीक असल्याचा मजकूर तिने वाचून दाखवला आणि सहीची जागा दाखवली. बाबांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून राहिले. बाबा, नको, एवढंच मी म्हणू शकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलीला म्हणाले, माझ्या बसमधल्या एकाही माणसाला कधी खरचटलं नाही. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मुलगाच चालवेल.

गाडीत ते शेजारी बसले. प्रत्येक वळणावर मी बोलणी खायच्या तयारीत होतो, पण चकार शब्द नाही. फक्त त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा खाली दाबला जात होता. घाटात मध्येच तो पाय थांबला. पाहिलं, तर मान कललेली, तोंड उघडं. चालत्या गाडीत बाबांना झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, ताई. मी गाडी आणखी हळू केली. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, तरी वेग वाढवला नाही.

त्यांना जप. आणि माझ्यावरही थोडा जीव असू दे.

तुझा,
धाकटा