चुना, थंडी आणि थेल्मा

१२ ऑक्टोबर
थेल्मा तिच्या बहिणीकडे इप्सविचला गेली. धुळीमुळे. बाकी काही नाही. चार बॅगा नेल्या, पण बायकांचं सामान असतंच. दारात म्हणाली, "डेस्मंड, लग्नाला चौतीस वर्षं झाली. आता मला घराला चार भिंती हव्यात." तीन आहेतच. रस्त्याकडची मी जूनमध्ये पाडली, कारण कुणा गाढवाने चारशे वर्षांच्या कुडावर सिमेंट थापलं होतं आणि आतलं ओकचं लाकूड कुजत होतं.
संकल्प : नाताळच्या आत भिंत उभी. मग ती येईलच.

१९ ऑक्टोबर
काठ्या विणून झाल्या. माती, पेंढा, शेण मळून लिंपलं. भिंत किंचित कलली आहे. जुनी दिसावी म्हणून मुद्दामच.

२ नोव्हेंबर
पर्सी गूच येऊन गेला. गावातला जुना गिलावेवाला. म्हणाला, "अहो साहेब, यंदाचे चुन्याचे दिवस संपले. एका रात्रीत गोठला की गिलावा गेला म्हणून समजा. ताडपत्री टाका आणि एप्रिलपर्यंत गप बसा." पर्सीचं वय झालं आहे, बिचारा.

९ नोव्हेंबर
गिलावा झाला! इप्सविचला फोन केला. बहीण म्हणाली, थेल्मा आंघोळीला गेली आहे. तासाभराने केला. तेव्हाही आंघोळच.

१६ नोव्हेंबर
ताजा चुना पटकन वाळू द्यायचा नसतो. दिवसातून चारदा पाणी शिंपडतो, ओली गोणपाटं बदलतो. मधूनमधून हात लावून बघतो. थंडीसाठी भिंतीला थेल्माची रजई बांधली.

२१ नोव्हेंबर, दुपार
थेल्मा आली! कोट न्यायला. तिला अर्धा तास समजावलं की चुन्याकडे रोज लक्ष द्यावं लागतं, नाहीतर तडे जातात. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा एकदा तरी कपाळाला हात लावलास का रे?" मी म्हटलं, तेव्हा धुराड्याचं काम चालू होतं.
चहाचं विचारायचं राहून गेलं. जाताना रडत होती. चुना डोळ्यांना झोंबतोच.

३ डिसेंबर
उणे सहा. सकाळी सगळा गिलावा पापुद्रे सुटून रजईसकट फुटपाथवर. पर्सी आला. "सांगितलं होतं" असं काही म्हणाला नाही. झाडू घेऊन माझ्याबरोबर झाडू लागला. त्याचाच जास्त त्रास झाला.
ताडपत्री लावली.

२५ डिसेंबर
टेबलावर दोन ताटं मांडली. एक वाजता थेल्माचा फोन. फेलिक्सस्टोला फ्लॅट घेतला आहे. नवी बिल्डिंग. आता तिथेच राहणार. मी विचारलं, गिलावा कसला आहे? ती म्हणाली, "एवढंच विचारायचं होतं तुला?" एवढंच नव्हतं. पण तोंडातून निघालं, ओल येते का बघून घे. तिने फोन ठेवला.
मग 'परत ये' म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. ताडपत्रीपलीकडून रस्त्यावरचं कुणीतरी म्हणालं, "तुम्हालाही मेरी ख्रिसमस!"