सरूची दृष्ट आणि नोराबाईंचे बटाटे

ती. बायजाआत्या,

इथूनच पाया पडतो. साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे. (कारण पुढे येईल. सगळं वाच, मधली पानं गाळू नकोस.) आम्ही तिघं सुखरूप आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? पापडांचं पीठ कुटायला यंदा तरी धोंडुबाईला मदतीला घे. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, आयर्लंडला ऊन पडतं का. पडतं. मंगळवारी पडलं होतं.

शकू सकाळी हॉस्पिटलात ड्युटीला जाते आणि मी घरात सरूला सांभाळतो, हे तुला माहीतच आहे. रोह्याच्या कंपनीत बारा वर्षं तीन-तीन शिफ्टमध्ये गंजलेले व्हॉल्व्ह उघडलेला हा तुझा महिपती, पण दीड वर्षाच्या पोरीचं तोंड काही त्याला उघडता येत नाही. घास पुढे केला की ती ओठ असे मिटते की कंपनीत असती तर साहेबांनी तिला बढती दिली असती. काऊ-चिऊ करून झालं, पण इथला कावळा खिडकीत बसत नाही. मी विमान होऊन पाहिलं, बेडूक होऊन पाहिलं. सरूने दोन्ही शांतपणे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

हे मी फोनवर फक्त तुला सांगितलं होतं. तू आठ दिवसांत कासू स्टेशनात गाडी पकडलीस आणि रोह्याला माझ्या सासूबाईंच्या, इंदुबाईंच्या ओटीवर सगळं ओतून आलीस. (कळवळ्यानेच गं, मी कुठे काय म्हणतोय?) दुसऱ्याच दिवशी इंदुबाईंचा फोन. 'दिवाळीला पोरीला आना नि हितंच ठेवा. बापाच्या हातचं खाऊन पोर जगायची नाय.' शकू थोडी रडली, मग गप्प झाली. शकू गप्प झाली की निम्मी कबूल झाली असं समजायचं. म्हणजे दिवाळीच्या आत सरू जेवायला लागली तर ठीक, नाहीतर तिला रोह्याला ठेवून आम्ही दोघांनी रिकाम्या हातांनी परत यायचं.

मग मी कंबर कसली. (धरली नंतर.) तू दिलेले कडवे वाल काढले. इथल्या थंडीत वालांना मोड यायला तयार नाहीत, म्हणून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात शकूच्या धुतलेल्या गणवेशांखाली पुरचुंडी ठेवली. मोड उत्तम आले. गणवेशांना वासही उत्तम आला, आणि तिच्या वॉर्डात दोन दिवस गटार तपासत होते म्हणे. ते असो. वाल सोलायचे म्हणजे सरू हाताशी नको, कारण एक डाळिंबी सोलली की ती दोन जमिनीवर टाकते. म्हणून रोज बाराच्या सुमारास तिला शेजारच्या नोराबाईंकडे सोडायचो. या सत्तरीच्या विधवा बाई, मुलं सगळी ऑस्ट्रेलियात, सरूवर भारी जीव. तासाभराने तिला आणायला जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाडगाभर बिरडं न्यायचो. मग घरी येऊन सरूपुढे तेच बिरडं, गुरगुट्या भात, वर तूप. सरूचे ओठ मिटलेले. हे सलग दोन महिने.

शेवटी तुला फोन केला, तर तू एका वाक्यात निकाल दिलास. 'दृष्ट लागलीय तिला. माझं मीठ हाय ना? काढ नि टाक चुलीत.' आत्या, इथे चूल नाही. आमची शेगडी विजेची, तिला जाळच नाही. जाळ फक्त नोराबाईंच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात कोळसे पेटवतात तिथे. मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं की पोरीसाठी छोटी प्रार्थना करायची आहे. बाईंनी आनंदाने जपमाळ काढली. मी सरूला मांडीवर घेतलं, मुठीत तुझं खडेमीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेतल्या आणि ओवाळायला लागलो. आल्यागेल्याची, वाटसरूची, शेजारणीपाजारणीची... शेजारणीपर्यंत आलो आणि जीभ अडखळली, कारण शेजारीण समोर हात जोडून बसली होती. तिच्याच घरात, तिच्याच कोळशांवर मी तिची दृष्ट जाळत होतो. तिने श्रद्धेने 'आमेन' म्हटलं. मी मूठ कोळशांवर टाकली.

ठसका आला नाही तर दृष्ट जबरी, हे तूच शिकवलंस. आत्या, असा ठसका आला की नोराबाईंची कवळी हातात आली. त्यांचं मांजर पळालं ते संध्याकाळी परतलं. मी सरूला उचलून स्वयंपाकघराकडे पळालो तेव्हा कंबरेत कट्ट झालं. (पोर अलीकडे कडेवर जड लागायची. मला वाटायचं, माझीच ताकद गेली.) एवढ्या ठसक्याचा अर्थ एकच, पोरीला कोणाची दृष्ट नव्हती.

मग काय होतं ते स्वयंपाकघरात दिसलं. टेबलाशी उंच खुर्ची, तिच्यावर वाळत घातलेलं लाळेरं, शेजारी छोटी गुलाबी वाटी. सरू माझ्या हातातून सुटून खुर्चीपाशी गेली, हात वर केले आणि तोंड उघडलं. हो, उघडलं! नोराबाईंनी डोळे पुसत तिला वर बसवलं आणि बटाटा कुस्करून त्यात लोण्याचा गोळा घातला. सरूने वाटी चाटून साफ केली आणि आणखी मागितला. मग उलगडा झाला. मी रोज ऐन जेवणाच्या वेळी पोर आणून सोडतो, म्हणजे जेवायलाच सोडतो असं बाई समजल्या होत्या. आणि बिरडं म्हणजे त्यांच्या बटाट्यांची परतफेड. ते बिरडं त्या रोज भाजलेल्या पावावर घालून खात होत्या. माझ्या पोरीसाठी सोललेले वाल शेजारीण खाते, शेजारणीचे बटाटे माझी पोर खाते, आणि मी दोन महिने भरल्या पोटाच्या पोरीपुढे बेडूक होऊन उड्या मारतोय!

तर इकडचं हे असं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा अतिशहाणा भाचा,
महिपती

ता. क. सरूचं वजन केलं. पाऊण किलो वाढलं आहे. नर्स म्हणाली, लोणी जरा कमी करा.

ता. क. दोन किलो वाल पाठव. सरूसाठी नकोत, नोराबाईंचे संपलेत.

ता. क. आता खरं काम. लहानपणी आईबाबा उरणच्या मिठागरावर असायचे आणि मी तुझ्याकडे. तू काही कमी केलं नाहीस. पण आई महिन्याने यायची तेव्हा मी तिला ओळखायचो नाही, तुझ्या पदराआड लपायचो. तू हसायचीस, आईही हसायची. आता कळतं, आईला हसू येत नसणार. आत्या, सरूने मला पाहून कोणाच्या पदराआड लपलेलं मला सोसायचं नाही. म्हणून हे पत्र मिळताच कासूला गाडी पकड आणि रोह्याला जा. एरवी तू सगळं सांगतेस. या वेळी फक्त अर्धं सांग, पोर पोटभर जेवते. कोणाच्या घरी, ते सांगू नकोस.