गमऱ्यांच्या विहिरीचा दाखला

दिनांक : २ जून २००४

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय, कातळवेळ,
जि. रत्नागिरी.

अर्जदार : कु. करुणा बाबाजी गमरे, एम.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र), प्रयोगशाळा सहायक, कातळवेळ विज्ञान महाविद्यालय. राहणार घर क्र. २१४, कॉलेज रोड.

विषय : पाण्यात रंग मिसळल्याबद्दलच्या नोटिशीचा खुलासा आणि एका दाखल्याची मागणी.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २४ मे २००४. २) आपलेच पत्र, दि. १८ नोव्हेंबर २००३. ३) माझे पत्र, दि. ६ मे २००४, आपला आवक क्र. ४१७.

महोदय,

संदर्भ क्र. १ च्या नोटिशीत असे म्हटले आहे की मी दि. १२ मे रोजी हॉटेल मूनलाइटच्या पिण्याच्या पाण्यात "गुप्तपणे व घातपाताच्या हेतूने" हिरवा रंग मिसळला. रंग मी टाकला, हे मान्य आहे. परंतु तो गुप्तपणे टाकला नाही आणि पिण्याच्या पाण्यातही टाकला नाही. तो मी हॉटेलच्या संडासात टाकला. तिथून तो आपल्या ग्लासात कसा आला, हाच या अर्जाचा विषय आहे.

१. एस.टी. स्टँडपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत १९९८ साली पाच खानावळी, एक चहाची टपरी आणि एक झेरॉक्सचे दुकान होते. आज त्याच रस्त्यावर सहा हॉटेले आहेत, त्यांपैकी चार परमिट रूमसह. शिवाय दोन सायबर कॅफे, एक आइस्क्रीम पार्लर आणि आपल्या कार्यालयाने बसवलेले रंगीत दिव्यांचे कारंजे आहे. खानावळ एकही नाही. चार खानावळी मालकांनी आपखुशीने विकल्या. मुलांना मेनू कार्ड आणि पंखा हवा होता, भिंतीवरचा 'ताट स्वतः धुवावे' हा फलक नको होता. याबद्दल माझी तक्रार नाही. पाचवी खानावळ माझी आई श्रीमती चंपा बाबाजी गमरे, वय ६३, हिची. ती विकली गेली नाही. ती आपण सील केली.

२. ही खानावळ १९७३ पासून चालू होती. शेवटच्या वर्षी ४६ मेंबर होते. खानावळीचे पाणी घरामागच्या विहिरीचे. ही विहीर माझ्या वडिलांनी १९७१-७२ मध्ये पहारीने कातळ फोडून दोन उन्हाळ्यांत खोदली. गावात त्या वेळी दोन सार्वजनिक विहिरी होत्या व दोन्हींना भरपूर पाणी होते. तरी वडिलांनी वेगळी विहीर का खोदली, याचे कारण या अर्जाच्या विषयात येत नाही. आपल्या सभागृहातील साठीच्या पुढच्या सदस्यांना ते माहीत आहे.

३. ऑक्टोबर २००२ मध्ये आमच्या भिंतीला लागून श्री. महिपत दळी यांचे हॉटेल मूनलाइट, फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूम, सुरू झाले. जानेवारी २००३ मध्ये खानावळीतल्या पाच मेंबरांना कावीळ झाली. मी विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासला. त्यात विष्ठेतील जंतू आढळले. २० फेब्रुवारीला मी स्वतःच्या सहीने आपल्याकडे अहवाल दिला. आईचे म्हणणे होते, "आपल्याच घरचा कागद आपणच सरकारात देतात काय गो? आधी पाणी उकळू, मग बघू." मी पाणी उकळायला लावले आणि अहवालही दिला.

हॉटेलची मैल्याची टाकी विहिरीपासून साडेनऊ मीटरवर, चढाच्या बाजूला आहे. मंजूर नकाशात तिला सिमेंटचा तळ आहे. प्रत्यक्षात खोदलेला कातळ तसाच ठेवला आहे. आपला कातळ जाळीदार असतो, त्यातून पाणी वाट काढते. हे सगळे मला दिसत होते. परंतु दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, आणि जे सिद्ध झालेले नाही ते अहवालात लिहू नये, असे मला शिकवले गेले आहे. म्हणून 'दूषितीकरणाचा उगम' या रकान्यात मी 'अज्ञात' असे लिहिले. या शब्दाची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

४. अकराव्या दिवशी, ३ मार्चला, आपले आरोग्य निरीक्षक दोन कामगार घेऊन आले. पंचनाम्यात त्यांनी लिहिले, "अर्जदाराच्या स्वतःच्याच अहवालावरून." स्वयंपाकघराला कुलूप लागले. विहिरीवर सिमेंटची लादी बसली, पंपाच्या पाइपापुरते भोक ठेवून. हॉटेलच्या टाकीची तपासणी झाली नाही, कारण तिच्याबद्दल कोणी अहवाल दिलेला नव्हता. त्या दिवशी आई मला म्हणाली, "तुज्या शिक्षणासाटी जल्मभर भाकऱ्या थापल्या. त्याच शिक्षणानं माजी चूल इजवलीस." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलते.

५. एप्रिल २००३ मध्ये हॉटेलने आमच्या विहिरीपासून बारा मीटरवर बोअर मारली. आपण तिला परवानगी दिली. जूनमध्ये महिपतशेठ घरी आले. आईला म्हणाले, "मावशी, घरात बसून काय करताय? हात तुमचा, नावपण तुमचंच लावतो." त्यांनी शब्द पाळला. हॉटेलच्या दारावर 'चंपाआईची घरगुती थाळी' असा बोर्ड लागला आणि चंपाआई आत सकाळी सातपासून चारपर्यंत वाटण वाटू लागली. जुने मेंबर तिथेच जेवायला येऊ लागले. म्हणजे तीच बाई, तेच वाटण आणि त्याच कातळाखालचे पाणी भिंतीच्या अलीकडे आरोग्यास घातक ठरले होते आणि पलीकडे शहराच्या विकासाचा भाग होते.

६. मी आपणांस पाच अर्ज केले. संदर्भ क्र. २ च्या पत्राने उत्तर मिळाले की, "सदर दूषितीकरण हॉटेलमुळेच होते याचा शास्त्रीय पुरावा अर्जदाराने स्वखर्चाने सादर करावा." या पत्राबद्दल मी आभारी आहे. आपल्या कार्यालयाकडून आलेला, मला पाळता येण्यासारखा हा एकमेव आदेश होता.

त्यानुसार ६ मे रोजी मी आपणांस लेखी कळवले की १२ मे रोजी सकाळी ११.४० वाजता मी हॉटेलच्या संडासात फ्लुरेसीन नावाचा रंग टाकणार आहे. तो निरुपद्रवी आहे, डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टर तो वापरतात, पाण्यात अत्यल्प असला तरी हिरवट चमकतो. तो कुठे उगवतो ते पाहण्यासाठी कार्यालयाचा प्रतिनिधी हजर ठेवावा, अशी विनंतीही केली होती. पत्रावर आपला आवक शिक्का आहे. प्रतिनिधी आला नाही.

ठरल्या वेळी मी हॉटेलात गेले. वेटर म्हणाला, "बाई, फॅमिली वर हाय, खाली जेन्ट्स बसतात." मी संडास कुठे आहे ते विचारले. तो म्हणाला, "त्ये दोगांचं एकच हाय." मी दोन लिटर द्रावण ओतले, तीन वेळा पाणी सोडले, आणि हॉटेलची सोय फुकट वापरू नये म्हणून एक चहा घेतला.

७. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६.१० वाजता विहिरीच्या लादीच्या भोकातून दोरीने सोडलेल्या बाटलीत पहिली हिरवी छटा दिसली. म्हणजे साडेतीस तास लागले. अहवाल १४ तारखेला आपल्याकडे घेऊन येण्याचा माझा विचार होता. त्या दिवशी कार्यालयात कोणी नव्हते. कॉलेज रोडच्या सुशोभीकरणाबद्दल आपला सत्कार व भोजन हॉटेल मूनलाइटच्या हॉलमध्ये होते. समारंभाची तारीख मला माहीत नव्हती. माझी तारीख आपल्या कार्यालयाला माहीत होती.

पुढील हकिगत आईने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली आहे. टेबलांवर काचेचे जग आले. उपाध्यक्षसाहेबांनी ग्लास उजेडात धरला आणि विचारले, "काय हो शेठ, खस काय?" महिपतशेठ म्हणाले, "व्हय व्हय, वेलकम ड्रिंक. खास सायबांसाटी." आपण एक ग्लास संपवून "साखर कमी आहे" असे म्हणालात. तसा निरोप आत गेला आणि जगांमध्ये साखर घालण्यात आली. साखर माझ्या आईने घातली. आपण दुसरा ग्लास घेतलात. जेवणानंतर हात धुताना बेसिनचे पाणीही हिरवे आले, तेव्हा आरोग्य निरीक्षकांचा चेहरा उतरला. माझे ६ तारखेचे पत्र त्यांच्याकडेच पाठवलेले होते, ते त्यांना बेसिनपाशी आठवले.

८. नोटिशीसोबत दोन साक्षीदारांचे जबाब जोडले आहेत. पहिला महिपतशेठांचा. दुसरा माझ्या आईचा, असा : "रंग माज्या मुलीनंच टाकला. ती खोटं बोलत नाय. खोटं बोलली असती तर माजी खानावळ आज चालू असती." यातले पहिले वाक्य आपण लाल शाईने अधोरेखित केले आहे. उरलेली दोन्ही वाचावीत.

९. दि. १९ मेपासून आईच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. रक्ताच्या तपासणीत कावीळ निघाली. आई वर्षभर रोज हॉटेलचे पाणी पीत होती. घरी आम्ही आजही उकळून पितो. २१ तारखेला महिपतशेठांनी तिला "गिऱ्हाइकांच्या आरोग्याच्या दृष्टीने" कामावरून काढले. तिच्या नावाचा बोर्ड काढलेला नाही. ती सध्या सील केलेल्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झोपून आहे. तिथून हॉटेलच्या मिक्सरचा आवाज येतो. परवा मी तिला पेज भरवत असताना तिने विचारले, "माजापन नमुना घेतलास काय गो?" मी घेतला होता. तो सोबत जोडला आहे.

१०. माझे वडील १९९१ साली वारले. त्यांच्या विहिरीचे पाणी आता नगरपंचायतीचे सर्व सन्माननीय सदस्य साखर घालून पितात, हे त्यांना कळवायचे राहून गेले.

११. तरी विनंती अशी. हॉटेलचा संडास, आमची विहीर आणि हॉटेलची बोअर यांचे पाणी एकच आहे, हे आपणांस हवे असलेल्या शास्त्रीय पुराव्याने आता सिद्ध झाले आहे. त्यामुळे या पाण्याबद्दल मला पुढील दोनपैकी कोणताही एक दाखला मिळावा.

(अ) पाणी पिण्यास योग्य असल्याचा. यासाठी पुरावा आपण स्वतः आहात. माझ्या नोंदीप्रमाणे गेल्या वर्षभरात ४१ बुधवारी आपण दुपारचे जेवण हॉटेल मूनलाइटमध्ये घेतलेत व आपली प्रकृती उत्तम आहे. हा दाखला दिल्यास आमच्या विहिरीवरची लादी व स्वयंपाकघराचे कुलूप ठेवण्याचे कारण उरत नाही. कॉलेज १५ जूनला सुरू होते. त्याआधी ती काढावीत.

(ब) पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा. यासाठी पुरावा माझी आई आहे. हा दाखला दिल्यास हॉटेल मूनलाइट आमच्याप्रमाणेच अकराव्या दिवशी सील करावे, आणि टाकीला तळ बसेपर्यंत उघडू नये.

एकच पाणी भिंतीच्या अलीकडे अयोग्य आणि पलीकडे योग्य, असा तिसरा दाखला देता येत नाही. आपणांस तो देता येत असल्यास त्याची पद्धत लेखी कळवावी. मी ती प्रयोगशाळेत करून पाहीन.

१५ जूनला आई उठून चुलीपाशी बसू शकेल की नाही, हे अज्ञात आहे. हा शब्द मी इथे विचार करून वापरत आहे. सोबतच्या अहवालात उगमाच्या रकान्यात तो या वेळी नाही.

दोनपैकी एका दाखल्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
करुणा बाबाजी गमरे

सोबत :
१) रंगचाचणीचा अहवाल, वेळांच्या नोंदींसह.
२) आवक क्र. ४१७ च्या शिक्क्याची प्रत.
३) हॉटेलच्या टाकीचा मंजूर नकाशा, व प्रत्यक्ष खड्ड्याचा फोटो.
४) श्रीमती चंपा गमरे यांच्या रक्ततपासणीचा कागद.
५) बुधवारांची यादी.
६) एक लिटर पाणी, सीलबंद बाटलीत. दि. १ जून रोजी हॉटेलच्या नळावरून घेतले. रंग आता उतरला आहे, बाकीचे सर्व आहे. दाखला (ब) देणार असल्यास बाटली प्रयोगशाळेत पाठवावी. दाखला (अ) देणार असल्यास ती कार्यालयातच संपवावी, आणि रिकामी बाटली माझ्याकडे परत करावी.