वळवणच्या तळ्यातला खडस

मु. भाजे, चैत्री पाडवा

तीर्थरूप दाजींच्या चरणी, मासळीचे हात दोनदा धुऊन, हौशीरामचा दंडवत.

कस्तुराताईची तब्येत आता सुधारली असेल. बाळ मान धरतंय का, ते कळवावं. इकडे सगळे खुशाल. बाळाच्या नवसाचा म्हणून तुम्ही पाठवलेला लाल कोंबडा आई (म्हणजे तुमच्या सासूबाई) स्वतःच्या ताटातला घास काढून पोसतेय. जत्रेला कार्ल्याच्या देवीपुढं तो अंगानं धड, पिसापिसासकट उभा राहिला पाहिजे, न्हाईतर नवस फिटत न्हाई, असं ती मला उठताबसता ऐकवते. ते असो.

दाजी, मी खडस मासा धरला! माझ्या मांडीएवढा! बोटांना चिंध्या बांधल्यात, अक्षर सांभाळून घ्यावं. आमचे रेल्वेचे मॅग्वायर साहेब आयर्लंडचे. त्यांच्या गावी म्हणे मोठं तळं आहे, आणि समुद्रातले मासे नदी चढून त्यात येतात (हे सांगताना साहेबाचे डोळे भरतात). रविवारी ते मला वळवणच्या तळ्यावर होडी वल्हवायला नेतात. त्यांच्या गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. रेशमी दोऱ्यानं पिसं बांधून खोटी माशी करायची आणि लवचिक काठीनं पाण्यावर अलगद सोडायची. मासा फसून वर झेपावतो. (मी पहिल्यांदा सोडली ती साहेबाच्या टोपीत. दुसऱ्यांदा माझ्याच धोतरात. कुठं ते विचारू नये.)

एकदा मासा उसळला म्हणून मी होडीत उभा राहून ओरडलो, आणि साहेबाची माश्यांची डबी गेली पाण्यात! त्यांच्या वडिलांनी हातानं बांधलेल्या माश्या होत्या. साहेब डबी बुडाली तिथल्या पाण्याकडं बघत बसले. मी होडीतच कान धरले. नव्या माश्या बांधायच्या तर लाल कोंबड्याच्या शेपटीची लांब, चमकदार पिसं लागतात, म्हणाले.

आता दाजी, आमच्या दारात काय बांधलेलं होतं? मी दोनच उपटणार होतो, तुमची शपथ. पण एक माशी वाकडी झाली, एक सुटली, एक बाभळीत अडकली. असं करता करता शेवटच्या पिसाची माशी पाण्याला टेकली मात्र, आणि काय सांगू! काठीची कमान झाली, सुताची चरखी किंचाळली, सुतानं बोटं कापली. साहेब माझी कंबर धरून त्यांच्या भाषेत ओरडतायत, मी आपल्या भाषेत! खडस काठावर आला तसे साहेब मला मिठी मारून नाचले. निम्मा मासा मला दिला. आईनं कालवण केलं, दोन तुकड्या खाल्ल्या आणि म्हणाली, "देवीचीच किरपा रं बाबा." मला ठसका लागला.

आई कोंबड्याची चौकशी करते. दृष्ट लागू नये म्हणून डालग्याखाली झाकलाय, असं सांगितलंय. तिला ते इतकं पटलं, की सकाळ-संध्याकाळ डालग्यावरनंच त्याची दृष्ट काढते. जत्रेदिवशी मात्र डालगं उचलावं लागणार.

ताईला नमस्कार, बाळाला मुका.

आपला,
हौशीराम

ता. क. — माळवली टेशनात उतरणाऱ्या कुणाच्या तरी हाती तसाच लाल कोंबडा जत्रेआधी गुपचूप पाठवावा. ताईला कळू देऊ नये. ती आईला सांगितल्याशिवाय राहायची न्हाई.

आणखी ता. क. — शक्यतो दोन पाठवावेत. काल तळ्यात याच्याहून मोठा खडस दिसला. देवीच्या कोंबड्याला शेपटी बेताची असली तरी चालेल. झुबकेदार दुसऱ्याला असावी.