मागून हाक

नदीकाठचा तंबू
४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप. बस चुकली, पण मुद्दाम चुकवली, तेव्हा रागावू नकोस. वाटेतल्या थांब्यावर एक बाकडं इतकं झकास सावलीत होतं की बसलो तो बसलोच. आमच्या साउंडवाल्या मास्तरांनी विचारलं की तुला वायरी गुंडाळायला ठेवलंय की झोपा काढायला. मी म्हटलं, दोन्ही जमतं.

इथला संगीत महोत्सव म्हणजे चिखल, माणसं आणि गाणं. काल भरदुपारी जनरेटर बसला, माइक मेले, पण मंचावरची बाई काही थांबेना. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती. मला बाबांचीच आठवण झाली. सध्याचा माझा अड्डा मंचामागच्या सूपवालीकडे. कानतुटका पेला ती माझ्यासाठी राखून ठेवते आणि उधारीबद्दल सगळ्यांदेखत माझी शोभा करते.

हे पत्र बाबा नेहमीसारखं चहावाल्याकडे सगळ्यांना वाचून दाखवतील म्हणून शिव्या गाळल्यात. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हटल्याशिवाय न्हावीदादा कपाला तोंड लावत नाहीत, याची बाबांना आठवण करून दे. बसस्टँडच्या माइकवर जन्म काढलेल्या माणसाला कोण काय शिकवणार म्हणा!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भिरभिऱ्या


घर
१५ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं आणि वाचूनही झालं. सूपवालीवर चहावाला जळतोय. तो म्हणतो, आमच्या कपाला कान होता म्हणून हा पठ्ठ्या रमला नाही वाटतं.

वाचताना बाबा दोनदा पाणी प्यायला थांबले. त्यांचा आवाज बसलाय रे, महिना होत आला. वाफ घेतली, गुळण्या केल्या, गुण नाही. डॉक्टरांना घशात आतून बघायचंय. बाबांचं म्हणणं, इतकी वर्षं गाड्या पुकारल्या, आवाजाला थोडी रजा नको का?

जास्त लिहीत नाही. पाकीट बंद करण्याआधी ते वाचतात, आणि निघालेल्याला मागून हाक मारायची नाही हा त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. छत्री विसरलास तर कोपऱ्यापर्यंत धावत येऊन हातात देतील, पण हाक मारणार नाहीत. तेव्हा हाक नाही. नुसतं विचारते, कधी येतोस? ‘बघू’ म्हणू नकोस.

जपून राहा, वेळेवर जेव.
तुझी,
ताई


नदीकाठचा तंबू
२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा आवाज बसला म्हणजे शेजाऱ्यांना एकदाची दुपारची झोप मिळाली म्हणायची! पेढे वाटले असतील लेकांनी. बाबा, हे जरा मोठ्याने वाचा, शेजारी चहाला आले असतीलच.

आम्ही उद्या डोंगरावरच्या महोत्सवाला निघतो. पत्ता नंतर कळवतो. तिथे कोण गाणार आहे माहितीय? ती म्हातारी! जिचं गाणं रेडिओवर लागलं की बाबा घोषणा अर्धी सोडायचे. एकदा तर त्यापायी एक बस रिकामीच सुटली आणि साहेबांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ती अगदी शेवटच्या दिवशी गाते. मास्तरांकडून टेपरेकॉर्डर मागून घेतलाय. गाणं भरतो आणि एप्रिलच्या मध्यावर टेप घेऊन हजर होतो. बाबांसाठीच थांबतोय, तेव्हा या वेळी तरी मला आळशी म्हणू नकोस.

सगळ्यांना नमस्कार, न्हावीदादांना दोन.
तुझा,
भिरभिऱ्या


घर
१ एप्रिल

चि. भिरभिऱ्या,

हे पत्र बाबांना न दाखवता मी स्वतः पेटीत टाकतेय.

त्यांच्या घशात गाठ आहे. वाईट आहे. दहा तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे बोलणं संपलं. कुजबुजणंसुद्धा.

लगेच निघ. म्हातारीचं गाणं राहू दे. तो रेकॉर्डर घेऊन ये आणि बाबांचा आवाज भरून ठेव. आपल्याकडे त्यांचा एक शब्द नाही रे. जन्मभर माइकवर बोलले, ते टेप करावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण रोज ऐकूच येत होतं.

तार केली, ती परत आली. तू पत्ता कळवला नाहीस म्हणून हे त्या सूपवालीच्या नावे पाठवतेय. ती तरी तुला शोधेल. मी नियम मोडला, हाक मारली. ये रे, सोन्या.

ताई


डोंगरावरची छावणी
१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

सूपवालीने पाकीट एका ट्रकवाल्याबरोबर धाडलं. ते काल हातात पडलं. दहा तारखेला मी इथे म्हातारीच्या पायाशी माइक धरून बसलो होतो.

माझ्याकडच्या सगळ्या टेप लावून पाहिल्या. टाळ्या आहेत, बेडूक आहेत, मास्तरांच्या शिव्या आहेत, सूपवालीचा खोकलासुद्धा आहे. बाबा कुठेच नाहीत.

तो शेजाऱ्यांचा विनोद त्यांनी वाचला का गं? वाचला नसेल तर ते पत्र जाळून टाक. अकरा तारखेला, निघायला उशीर होतोय म्हणून, म्हातारीच्या गाण्याबद्दल एक जाडजूड पत्र चहावाल्याच्या पत्त्यावर टाकलंय, तेही फाड. मी येत नाही. कुठल्या तोंडाने येऊ? मास्तर पुढच्या महिन्यात समुद्राकडे निघतील, त्यांच्याबरोबर जातो. महिनाअखेरपर्यंत इथेच आहे, पत्ता मागे लिहिलाय. लिहावंसं वाटलं तरच लिही.

भिरभिऱ्या


घर
२५ एप्रिल

चि. भिरभिऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर दोष माझा. आयुष्यभर बोललो, त्यामुळे लिहायची वेळच आली नाही.

जखम भरतेय. ताई पातळ काहीबाही भरवते आणि मी नाही म्हणू शकत नाही याचा फायदा घेते.

तुझा विनोद मी वाचला. ताईने आठवडाभर दडवलेलं पत्र शोधून काढून, इस्पितळात जाण्याआधीच्या संध्याकाळी, चहावाल्याकडे. घसा खरखरत होता, तरी ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हटलं. शेजाऱ्यांच्या झोपेपाशी आलो तेव्हा सगळे कपात बघू लागले, न्हावीसुद्धा. मग मीच हसलो, तेव्हा तेही हसले. म्हातारीचं गाणं भरून आणतोयस, इथवर कसाबसा आलो आणि आवाज गेला तो गेलाच. बाकीचं ताईने वाचलं. म्हणजे मी शेवटचं जे बोललो, ते तुझंच होतं. मला ते बरं वाटतं.

राग आला नाही असं कशाला म्हणू? इस्पितळात मी दाराकडे डोळे लावून पडलो होतो. शुद्धीवर आल्यावर तुझं नाव घ्यायला गेलो, तर नुसती हवा आली. तेव्हा रडलो. ताई बाहेर होती, तिला ठाऊक नाही.

तुझं जाडजूड पत्र फाडलेलं नाही. चहावाल्याने ते साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय. न्हाव्याने चष्मा लावून वाचायला घेतलं होतं, पण दोन ओळींतच त्याला सगळ्यांनी खाली बसवलं. म्हणाले, हा पत्र वाचतोय की दाढीचे दर सांगतोय? ताईने हातात घेतलं, पण तिला हुंदका आवरेना. म्हातारी कशी गायली ते कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही. मी ते घरी आणून एकट्याने वाचू शकलो असतो, पण तुझी पत्रं मी मनातल्या मनात कधी वाचली नाहीत, आता काय वाचणार?

तेव्हा तू ये आणि वाच. सुरुवात कशी करायची तुला माहीत आहे. माझ्या बाकावर बसू नकोस, तिथे मी असेन. समोर उभा राहा आणि मागच्यांना ऐकू जाईल असं वाच. चुकलास तर मी टेबल वाजवीन.

कुठल्या तोंडाने येऊ म्हणतोस. ज्याने वाचणार, त्याच तोंडाने ये.

निघालेल्याला मी जन्मात कधी मागून हाक मारली नाही. आवाज होता तेव्हा मारायला हवी होती. आता ही कागदावर मारतोय, ऐकू आली तर बघ.

भिरभिऱ्या, मागे फिर.

तुझा,
बाबा