ग्रेडर उसळू नये म्हणून

प्रति,
कार्यकारी अभियंता,
कच्चे रस्ते देखभाल विभाग.

विषय : ग्रेडर न उसळवता रस्ता सपाट करणे व चालकाचे निलंबन मागे घेणे.
संदर्भ : ‘मंदगतीने काम, डिझेलचा अपव्यय व उद्धट वर्तन’ या कारणास्तव माझ्या दिरांना मिळालेला आपला निलंबनाचा आदेश.

महोदय,

१. मी दगडखाणीजवळच्या वस्तीवर राहते व कोंबड्या पाळते. आपल्या विभागाचा ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब पात्याने रस्ता खरवडणारे यंत्र, माझे धाकटे दीर चालवत. वस्तीपासून दवाखान्यापर्यंतचा मातीचा रस्ता त्यांच्याकडे होता, त्यामुळे त्या रस्त्याच्या सगळ्या शिव्या आमच्याच दारात येऊन पडत.

२. हा रस्ता सपाट केला की अधिकच बिघडतो. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. ग्रेडर पळवला की तो उसळतो, पाते वर-खाली होते आणि मातीत तसाच ठसा उमटतो. पुढच्या फेरीला चाके त्याच लाटांवर चढतात व यंत्र पुन्हा उसळते. वेग कमी ठेवा, पाते पुढे कलवा, सर्व टायरांत हवा सारखी ठेवा, माती ओली करून मग खरवडा, हे आपल्याच विभागाने दिरांना शिकवले. मात्र आपले पर्यवेक्षक, ज्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात, जीप मागे लावून हॉर्न वाजवत बसत. “वर कळवायचंय रस्ता झाला म्हणून. गियर वाढव.” पाण्याचा टँकर मागितला तर म्हणत, “धूळ खाऊन कोणी मेलंय का?”

३. गेल्या महिन्यात सासूबाई खुराड्यापाशी घसरल्या व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. टेम्पोत गादी टाकून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. मी मागे त्यांना धरून बसले होते, दीर चालवत होते. प्रत्येक लाटेला सासूबाई ओरडत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “हा रस्ता केला कोणी? त्याच्या आईला एकदा असंच न्या इथून.” वेदनेत त्यांना भान नव्हते. मधली खिडकी उघडी होती. दिरांनी ते ऐकले व गाडी आणखी हळू केली.

४. दुसऱ्याच दिवशी दिरांनी ग्रेडर काढला. गोगलगायीच्या चालीने, लाटेच्या तळापर्यंत खरवडत ते दवाखान्यापासून वाटेतल्या पुलापर्यंत आले. लोकांनी घरातली पिंपे आणून माती भिजवली. त्या तुकड्यावरून माझी अंडी न फुटता बाजारात गेली. घाईसाहेब येऊन म्हणाले, “एवढ्या वेळात मी तीन रस्ते केले असते.” दीर म्हणाले, “केलेत की, साहेब. तिन्ही रस्त्यांवर माणसं कण्हतायत.” यास आपल्याकडे उद्धट वर्तन म्हणतात, असे आदेशावरून समजले.

५. त्याच आदेशाने दिरांना घरी बसवले. घाईसाहेबांनी नवा चालक आणला आणि “एक हात फिरव” म्हणून त्याच्याकडून त्याच चांगल्या तुकड्यावरून ग्रेडर भरधाव पळवून घेतला. आता पुलापर्यंतही लाटा आहेत. सासूबाईंना गुरुवारी घरी सोडणार आहेत. हाडाला हादरा बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

६. दिरांना कामावर घ्यावे व त्यांना हळू चालवू द्यावे, ही विनंती. ‘विनंती’ हा शब्द मी रीतीप्रमाणे लिहिला आहे. आपण तो माझ्या रागासकट वाचावा. आपल्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ आमच्याकडे नाही. आज पहाटेपासून दीर फावड्याने लाटा फोडत आहेत. त्यांना शिव्या देणारे शेजारीही घमेली घेऊन आले आहेत. गुरुवारपर्यंत एका गाडीपुरती वाट आम्ही करू. दीर चालवणार नसतील, तर कृपा करून आपला ग्रेडर या रस्त्यावर पाठवू नये.

कळावे,
आपल्या विभागाच्या रस्त्याने रोज जाणारी,
(सही)
निलंबित ग्रेडरचालकाची थोरली वहिनी

दिनांक : सोमवार
सोबत : डॉक्टरांच्या सूचनेची प्रत